सिस्टरबाईंची वीतभर गाडी

माझ्यावर या जगात सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या चिखल्याच्या सिस्टरबाईंचे. आणि या जगात मला सर्वांत जास्त धक्के कुणी दिले असतील, तर तेही त्यांनीच. खाणीच्या दवाखान्यात त्यांनी इतकी वर्षं बाळंतपणं केली, की कॉलनीतल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्याच हातांवर जन्मलेली असत आणि त्या मधे उभ्या राहिल्या की दोन्ही बाजू खाली मान घालत. मीही त्यांच्याच हातचा. बाबा खाणीत खाली काम करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं आणि मीही जाणार नव्हतो. पण बारावीचा निकाल लागला त्या दिवशी सिस्टरबाई आमच्या क्वार्टरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या की या पोट्ट्याला खाणीत उतरवलंस तर माझ्याशी बोलू नकोस. बाबांनी आयुष्यात खाणीच्या मॅनेजरला उत्तर दिलं असेल, सिस्टरबाईंना कधी दिलं नाही. आमच्या क्वार्टरमध्ये अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या घराची पुढची खोली मला दिली. तिथे राहून, रोज तुमसरच्या कॉलेजात जाऊन-येऊन मी पदवीधर झालो.

त्या खोलीत राहायला गेलो तेव्हा एकच अट होती. मागच्या खोलीत न विचारता पाय ठेवायचा नाही. मला वाटलं, देवघर असेल. एका दुपारी आतून हाक आली आणि मी दार लोटलं. आतमध्ये ऑपरेशन चाललं होतं. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, वर झुकता दिवा, स्टीलच्या ट्रेमध्ये चिमटे, कात्र्या, सिरिंजा, कापसाचे बोळे ओळीने मांडलेले. तोंडाला मास्क, हातांत मोजे घालून सिस्टरबाई वाकलेल्या, आणि त्यांच्यासमोर काहीतरी लालभडक, पोट उघडं पडलेलं. मी भिंतीला टेकलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हात धुतले का रे?"

धुऊन आलो तेव्हा दिसलं, की ते लालभडक म्हणजे एक मोटारगाडी होती. वीतभर लांब. परदेशातल्या एका रस्त्यावरही चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीची, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची प्रतिकृती. तिचं इंजिन बाहेर काढून ठेवलेलं होतं आणि सिस्टरबाई त्यात केसाएवढी तार चिमट्याने ओवत होत्या. ज्या बाईंना पाहून खाणीतले पहिलवान इंजेक्शनच्या आधीच आडवे होत, त्या बाई खेळण्याशी खेळत होत्या. हे मी तोंडाने बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. "खेळनं नोहे हे," त्या म्हणाल्या. "इकडं पकड."

हे वेड त्यांना लागलं कसं, त्याची हकीकत कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे. खाणीतल्या एका इंजिनिअरसाहेबांच्या बायकोचं बाळंतपण फार अडलं होतं आणि सिस्टरबाईंनी ते निभावून नेलं. पुढे साहेब परदेशी ट्रेनिंगला गेले आणि येताना त्यांच्यासाठी एक खोका घेऊन आले. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो बारीक भाग, सीलबंद पुड्या आणि एक न वाचता येणारा कागद. सिस्टरबाईंना वाटलं, साहेबांनी दवाखान्यासाठी काही यंत्र आणलं. त्यांनी ते चित्रं पाहून निष्ठेने जोडत नेलं, आणि चौथं चाक बसवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही गाडी आहे. तोवर उशीर झाला होता.

निवृत्त झाल्यावर तर त्यांनी मागची खोली म्हणजे वॉर्डच करून टाकला. भाग चौकटीपासून तोडायचा, याला त्या नाळ कापणं म्हणत. अंगाजवळ कधी कापायचं नाही, थोडं देठ ठेवायचं, मग ते पातळ पॉलिशपेपरने पाण्यात घासून घासून सपाट करायचं. घाई केली तर बेंबी बाहेर येते. सांध्यांच्या फटींत पुट्टी भरणं म्हणजे टाके. गाडीला भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. एकदा सरपंच साडेसहाला पाहुण्यांना घेऊन आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. पेशंट झोपला आहे म्हणाल्या. पाहुणे कुठल्याशा मोठ्या गावचे होते. त्यांनी वाटेत सरपंचांना हळूच विचारलं म्हणे, की आजार नेमका काय आहे.

त्यांचा खरा वैरी म्हणजे धूळ. चिखल्याची धूळ साधी नाही, मँगनीजची आहे. काळी, जड, आणि ती कुठे शिरत नाही असं ठिकाण नाही. आमच्याकडे धुतलेला सदरा वाळेपर्यंत पुन्हा धुवायला येतो. अशा गावात लाल रंगाची, आरशासारखी लखलखीत गाडी करायचा हट्ट म्हणजे कोळशाच्या वखारीत दही लावण्यासारखा. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय पाहून मी पुन्हा एकदा हादरलो. रंगकाम फक्त मे महिन्यात, कारण पावसाळी हवेत रंग मारला की त्यावर पांढरी साय धरते. भर दुपारी जमिनीवर पाणी शिंपडायचं, दारंखिडक्या लावायच्या आणि मच्छरदाणीत बसून फवारा मारायचा. बाहेर पारा फुटेल असं ऊन, आत पंखा बंद, आणि मच्छरदाणीत मास्क लावलेल्या सिस्टरबाई. मी बाहेरून दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि त्यांनी "हाव" म्हणायचं, अशी व्यवस्था होती. "हाव" आलं नाही तर दार तोडायचं. एका मेमध्ये रंग सुकत असताना समोरून मँगनीजचा ट्रक धुरळा उडवत आला, तेव्हा त्या तशाच मास्क-मोजांसह रस्त्यावर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर शिव्या द्यायला खिडकीतून बाहेर वाकला आणि त्याने त्यांना ओळखलं. तोही त्यांच्याच हातचा निघाला. त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं, क्लीनरला खाली उतरवलं आणि भरलेला ट्रक उतारावरून, पाळण्यातलं मूल उठू नये तसा, हळूहळू घरंगळत नेला.

सामान त्या घरातूनच काढत. गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाची सीटबेल्टची बक्कलं, जुन्या रेडिओतल्या तांब्याच्या तारेची इंजिनची वायरिंग, मखमली ब्लाऊजपीसची लव ब्लेडने खरवडून गाडीच्या आतला गालिचा. त्यातलं निम्मं काम गाडी जोडल्यावर कायमचं झाकलं जाणार होतं. न राहवून मी एकदा विचारलं की हे दिसणार कुणाला. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"तुया पोटातलं आतडं कोनाले दिसते का रे? म्हनून नसलं तं चालते?"

आणि इतकं असून त्या अशा गाडीत कधी बसल्या तर नव्हत्याच, पण बसायचा त्यांचा स्वभावही नव्हता. त्यांना गाडी लागते. तुमसरला जायचं तरी त्या एसटीत पहिल्या सीटवर, तोंडाशी लिंबू धरून बसत आणि कंडक्टरमार्फत ड्रायव्हरला सावकाश जाण्याची ताकीद देत. ताशी तीनशे किलोमीटरच्या गाडीचे ब्रेक त्यांना तोंडपाठ होते, आणि एसटीने चाळीस ओलांडले की त्या रामरक्षा सुरू करत. मग ही आवड तरी कशाची, असं मी दर वर्षी विचारी आणि दर वर्षी निराळं उत्तर मिळे. एकदाच त्या खरं बोलल्या असाव्यात. आमच्या भागातल्या बाया स्वतःबद्दलही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, तशाच त्याही. म्हणाल्या, "लेकरू हातात आलं का लगेच दुसऱ्याच्या हवाली करावं लागे. हे मी ठेवून घेतो."

नागपूरला अशा छोट्या गाड्या करणाऱ्यांची स्पर्धा भरते, हे मला मोबाइलवर दिसलं. मी पदवीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो. मी त्यांना दाखवलं. त्यांनी नको म्हटलं, मग दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता एकदम बोलल्या. "पोरगं सुखरूप झालं तं देवाची कृपा. काही वाईट झालं तं सिस्टरनं केलं. सारी नोकरी अशी गेली. एकदा तरी कोनी जानकार मानसानं माह्या कामाकडे पाहून सांगावं, नीट हाय का नाही." बक्षीस वगैरे त्यांना नको होतं. त्यांना फक्त कुणीतरी समजून पाहणारा हवा होता, आणि तो चिखल्यात कुठून मिळणार.

स्पर्धा पावसाळ्यात होती. गाडी तयार होती, पण निघायच्या आठवड्यात त्यांना बॉनेटवर एक ओरखडा सापडला. मला तो भिंगातूनही दिसला नाही. त्यांना मात्र जेवण जाईना. भाताचं रोवणं आटोपलेलं, आभाळ दिवसरात्र गळत होतं. मग अचानक उघाड पडली, कडकडीत ऊन आलं, आणि त्यांनी ती संधी साधून बॉनेटवर चकाकीचा एक शेवटचा हात मारला. गाडी खिडकीत, पोळ्या झाकायच्या जाळीखाली सुकत ठेवली. तेवढ्यात वरच्या गल्लीतल्या एका पोरीच्या कळा सुरू झाल्या म्हणून बोलावणं आलं आणि त्या तिकडे धावल्या. निवृत्त झाल्या तरी बोलावणं काही निवृत्त झालं नव्हतं. मी गाडीसाठी थर्माकोलचा खोका आणायला तुमसरला गेलो होतो.

परत आलो तेव्हा सिस्टरबाईही नुकत्याच पोचत होत्या. ओसरीवर सगुणाबुढी बसली होती. ही म्हातारी एके काळी खाणीवर मँगनीज निवडायला होती. तिची सगळी मुलं सिस्टरबाईंनीच काढलेली. गाडी उद्या परगावी निघणार हे कॉलनीत कळलं होतं, म्हणून ती पाहायला आली होती. घरात कुणी नाही म्हणून राखण करत बसली होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा फुलला.

"लय साजरं लेकरू हाय बाई तुमचं," ती म्हणाली. "लोकाईची नजर लागन म्हनून तीट लावून देल्ली."

लाल, आरशासारख्या बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यात काजळाचं एक काळं बोट उमटलेलं होतं. नुसतं काजळ नव्हे. ओल्या चकाकीत बोटाची रेघन् रेघ रुतली होती. मी घाबरलो ते गाडीसाठी नव्हे, सगुणाबुढीसाठी. कारण सबंध नोकरीत सिस्टरबाईंनी काजळाशी उभा दावा मांडला होता. दवाखान्यात तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ दिसलं की त्या आजीबाईंना वॉर्डबाहेर काढत, कापसाने ते डोळे पुसून काढत आणि वरून सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं व्याख्यान देत.

सिस्टरबाई खिडकीपाशी गेल्या. जाळी उचलून त्यांनी ते बोट वाकून पाहिलं. मग वळल्या आणि म्हातारीला विचारलं, "हात धुतले होते का?"

"धुतले ना बाई," बुढी दुखावून म्हणाली. "तुमच्या घरी बिना हात धुतल्यानं शिवते का कोनी?"

सिस्टरबाई खाली बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हाही एक धक्काच. त्यांनी तिला चहा पाजला, गूळ-शेंगदाणे दिले आणि फाटकापर्यंत पोचवलं. ती गेल्यावर मी म्हटलं, घासून काढू, पुन्हा रंगवू. त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. ते पुन्हा भरून आलं होतं; आता हात मारला असता तर बॉनेटवर साय धरली असती. पण नुसतं घासून, पॉलिशचं मलम लावून ते बोट पुष्कळसं फिकं करता आलं असतं, एवढं मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "राहू दे." मग आईकडून मला कळलं, की सगुणाबुढीचं पहिलं मूल सिस्टरबाईंच्या हातात गेलं होतं. साऱ्या कॉलनीने तेव्हा सिस्टरबाईंना बोल लावला होता. एकट्या सगुणाने लावला नाही, आणि पुढच्या खेपेला ती दुसरीकडे न जाता पुन्हा त्यांच्याकडेच आली.

नागपूरपर्यंतचा प्रवास त्यांनी उलटीची गोळी खाऊन, खोका मांडीवर घेऊन, डोळे मिटून केला. हॉलमध्ये सगळी शहरातली पोरं; दाढ्या राखलेली, काळे टीशर्ट घातलेली. त्यांना वाटलं, स्पर्धक मी आहे आणि आजी सोबतीला आली आहे. त्यांनी आजीला पंख्याखाली खुर्ची दिली. मी खोका उघडून गाडी मांडली आणि ती कुणी केली ते सांगितलं, तेव्हा धक्का बसायची पाळी दुसऱ्यांची होती. परीक्षक चष्मेवाले, मितभाषी गृहस्थ होते. टॉर्च आणि भिंग घेऊन ते आमच्या टेबलापाशी आले आणि हललेच नाहीत. इंजिनात पाहिलं, सीटखाली पाहिलं, छोट्या आरशाने गाडीच्या पोटाखाली पाहिलं. दुसऱ्या परीक्षकाला बोलावून त्यालाही दाखवलं. सिस्टरबाई हात बांधून, राउंडला डॉक्टर आल्यावर उभ्या राहत तशा ताठ उभ्या होत्या. मग टॉर्च बॉनेटवर आला.

"मॅडम, इथे बोटाचा ठसा राहिलाय."

"राहिला नाही," त्या म्हणाल्या. "ठेवला हाय."

मी तोंड उघडणार होतो. तीट, सगुणाबुढी, पाऊस, सगळं सांगणार होतो. सिस्टरबाईंनी माझं मनगट धरलं. नाडी पाहतात तसं, पण जरा जोरात. परीक्षक म्हणाले की एवढ्या एका डागामुळे आम्हाला ही गाडी बक्षिसात धरता येणार नाही, नियम तसा आहे, वाईट वाटतं. सिस्टरबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "बाकी नीट हाय?"

"बाकी काहीच काढता येत नाही," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

"काय म्हनले?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. सिस्टरबाईंना पहिल्या वेळेलाच नीट ऐकू आलं होतं, हे मला माहीत आहे. परतीच्या एसटीत त्यांनी लिंबूही काढलं नाही. ड्रायव्हर बेफाम हाकत होता आणि त्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

त्याला आता काही वर्षं झाली. मी पुण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो. त्या चिखल्यातच आहेत. गुडघे धरले आहेत, बोटं पूर्वीसारखी ऐकत नाहीत, त्यामुळे नवा खोका काही उघडलेला नाही. एक गाडी करून झाली की लगेच दुसरी सुरू करायची त्यांची पद्धत होती. या गाडीनंतर ती पद्धत बंद पडली. फोन केला तर त्या फक्त जेवलास का एवढं विचारतात आणि ठेवून देतात. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय सिस्टरबाईंना साष्टांग नमस्कार,

मी जेवतो, तब्येत ठीक आहे. पत्र लिहायचं कारण असं, की आमच्या ऑफिसच्या इमारतीत एक हाडांचे डॉक्टर आहेत आणि त्यांनी आपली ती गाडी घेतली आहे. आपली म्हणजे तीच, लाल, पण खरीखुरी. काल ती खाली उभी होती. मी चपला काढून जवळ गेलो, वॉचमन हसला. मी तिच्याभोवती फिरून सगळं पाहिलं. चाकांच्या आतून दिसणाऱ्या ब्रेकच्या नळ्या तुम्ही ओवल्या तशाच आहेत. डाव्या दाराची फट मात्र उजव्या दारापेक्षा जास्त आहे. तुम्ही असता तर परत पाठवली असती. बॉनेटवर तीन-चार जणांची बोटं उमटलेली होती. डॉक्टर म्हणाले, रोज पुसतो आणि रोज उमटतात, येणारा-जाणारा हात लावल्याशिवाय राहत नाही.

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, मग फोटो दाखवले. ते म्हणाले, बाईंना घेऊन या, मी स्वतः चक्कर मारून आणतो, म्हणतील तेवढी सावकाश. तुम्हाला गाडी लागते हेही मी सांगितलं आहे. दिवाळीला मी घरी येतोच, परत निघताना तुम्ही माझ्याबरोबर रेल्वेने चला. आईशी बोललो आहे, तीही येईल.

गाडी फार बुटकी आहे. डॉक्टर म्हणतात, अशा गुडघ्यांनी आत बसता येईल, पण बाहेर निघणं अवघड जाईल. त्याची काळजी करू नका. बाहेर काढायला मी आहे.

तुमचाच